एमआयटी, अपाची की जीपीएल? ओपन सोर्स लायसन्स निवडण्याची सविस्तर रीत

रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड ठेवलेली जागा) सार्वजनिक केली की कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा झाला, असं अनेकजण धरून चालतात. कायद्याने मात्र लायसन्स (वापराचा परवाना) नसलेल्या कोडवरचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या अटींनुसार इतरांना तो तिथे वाचता येतो, फोर्क करता येतो, म्हणजे आपली प्रत काढता येते; स्वतःच्या प्रॉडक्टमध्ये घालायची किंवा बदलून पुढे वाटायची परवानगी त्यातून मिळत नाही. म्हणजे "लायसन्सचं नंतर बघू" म्हणून सोडलेला कोड बाहेरच्यांसाठी सगळ्यात कडक लायसन्सचा असतो.

निवड करायला बसलेले लोकही बहुधा चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. "स्वातंत्र्य हवं तर जीपीएल, कटकट नको तर एमआयटी" अशी बाजू आधी ठरते आणि बाकीचं नंतर. खरं तर तुमच्या मताचा नंबर चौथा लागतो. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: कोड कुणाच्या मालकीचा आहे, त्यात आधीच कुणाकुणाची लायसन्स शिरलेली आहेत, आणि तो दुसऱ्याच्या हाती कोणत्या रूपात पडणार आहे. एवढं मांडलं की पर्याय सहसा दोन-तीनच उरतात.

## दोन गटांत फरक कशाचा

पर्मिसिव्ह गटात एमआयटी, बीएसडी, आयएससी आणि अपाची २.० ही ठळक नावं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोड घ्या, बदला, विका, बंद सॉफ्टवेअरमध्ये घाला, आमची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर तेवढा सोबत ठेवा. कॉपीलेफ्ट गटात जीपीएल, एलजीपीएल, एमपीएल आणि एजीपीएल येतात. इथे एक अट वाढते: हा कोड किंवा त्यावर उभं केलेलं काम पुढे कुणाला दिलंत, तर त्याच लायसन्सखाली आणि सोर्ससकट (माणसाने लिहिलेल्या मूळ कोडसकट) द्या. ही अट किती दूरवर पोहोचते, यावरून या गटातली लायसन्स एकमेकांपासून वेगळी होतात.

प्रत्यक्षात हा फरक दोन उपकरणांवरून स्पष्ट दिसतो. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची ऑपरेटिंग सिस्टीम फ्रीबीएसडी या बीएसडी लायसन्सच्या सिस्टीमवर बेतलेली आहे; सोनीने त्यात काय बदललं ते उघड करायचं बंधन तिच्यावर नाही. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स होतं. जीपीएलमुळे २००३ मध्ये त्याच्या फर्मवेअरचा (उपकरणात बसवलेल्या सॉफ्टवेअरचा) सोर्स द्यावा लागला, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं.

दोन गैरसमज इथेच बाजूला करू. जीपीएलचा कोड विकायला काहीही मनाई नाही. किंमत तुम्ही ठरवा, फक्त घेणाऱ्याला तो पुढे वाटण्यापासून अडवता येत नाही. दुसरं, जीपीएलचा कोड वापरला की सगळं जगासमोर मांडावं लागतं असं नाही. कंपनीने तो आतल्या आत हवा तसा बदलून वापरला आणि बाहेर कुणालाच दिला नाही, तर सोर्स देण्याचा प्रश्नच येत नाही. अट लागू होते ती वाटप केल्यावर, आणि सोर्स द्यायचा तो मुख्यतः ज्याला बायनरी (कंपाइल केलेला, चालवण्याजोगा प्रोग्रॅम) दिली त्याला.

## पायरी १: कोड तुमचाच आहे ना?

लायसन्स देणं म्हणजे आपले हक्क दुसऱ्याला वापरू देणं. हक्कच आपले नसतील तर फाइलमध्ये काहीही लिहिलं तरी ते पोकळ. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड बहुतेक देशांत नोकरी देणाऱ्याचा ठरतो. करारातले शब्द त्याहून रुंद असतील, तर सुट्टीच्या दिवशी घरी लिहिलेलाही त्यात ओढला जाऊ शकतो. कंपनीकडून परवानगी घ्यायची ती लेखी घ्या, आणि त्यात रिपॉझिटरीचं नाव, लायसन्सचं पूर्ण नाव आवृत्तीसकट, आणि पुढचे बदलही त्यात येतात का, या तिन्ही गोष्टी असू द्या. "ओपन सोर्स करायला हरकत नाही" एवढ्याच ओळीचा ईमेल पुढे वादाच्या वेळी फारसा कामी येत नाही.

मग इकडून तिकडून उचललेले तुकडे शोधा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए (नाव द्या आणि पुढे त्याच लायसन्सखाली वाटा) लायसन्सखाली असतो. त्यातली एखादी साधी ओळ कुणी विचारणार नाही, पण पन्नास ओळींचं फंक्शन जसंच्या तसं एमआयटीच्या प्रकल्पात बसवता येत नाही. बीवाय-एसए ४.० मधून जीपीएल ३ मध्ये जायची वाट आहे, तीही एकेरी. एमआयटीकडे जायची वाट नाही. असा तुकडा सापडला तर तो समजून घेऊन नव्याने लिहा.

## पायरी २: डिपेन्डन्सींची पूर्ण यादी काढा

डिपेन्डन्सी म्हणजे तुमचा कोड ज्यांच्यावर टेकतो त्या इतरांच्या लायब्ररी, तयार कोडचे संच. इथे वेळ घाला. लायसन्सचे बहुतेक गोंधळ इथूनच येतात.

यादी हाताने काढू नका. पायथनसाठी पिप-लायसन्सेस, एनपीएमसाठी (जावास्क्रिप्टची पॅकेजं) लायसन्स-चेकर, रस्टसाठी कार्गो-डेनाय, गोसाठी गो-लायसन्सेस अशी साधनं आहेत. ती थेट डिपेन्डन्सीच नव्हे, तर त्यांच्याही पोटातल्या डिपेन्डन्सी दाखवतात. कुणी तरी पूर्वी एखादी लायब्ररी उचलून आपल्याच फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवलेली असेल, तर ती या साधनांना दिसत नाही. तिच्यासाठी स्कॅनकोड चालवा, ते फाइलींतला मजकूर वाचून लायसन्स ओळखतं. फॉन्ट, आयकॉन आणि चित्रंही यादीत घ्या.

यादी हातात आली की खालच्या नियमांनी वाचा.

पर्मिसिव्ह कोड कॉपीलेफ्टमध्ये जातो, उलट होत नाही. एमआयटीची लायब्ररी जीपीएलच्या प्रोग्रॅममध्ये बिनधास्त घाला. जीपीएलची लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅममध्ये आली, तर तो प्रोग्रॅम वाटताना पूर्ण जीपीएलखाली वाटावा लागतो. बारकावा असा, की तुमच्या स्वतःच्या फाइली एमआयटीच राहू शकतात. कुणी त्या फाइली वेगळ्या काढून वापरल्या तर त्यांना एमआयटीच लागू. पण जोडून तयार झालेली बायनरी जीपीएलची. रीडमीमध्ये "एमआयटी" लिहून सोबत जीपीएलची लायब्ररी बांधून दिलेले इन्स्टॉलर म्हणूनच फसवे ठरतात.

अपाची २.० आणि जीपीएल २ यांचं जमत नाही. अपाचीतल्या पेटंटच्या अटी जीपीएल २ ला जादा निर्बंध वाटतात, असं जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. जीपीएल ३ लिहिताना ही अडचण काढली. त्यामुळे "जीपीएल २ किंवा त्यापुढची कोणतीही" असं लिहिलेलं असेल तर आवृत्ती ३ निवडून सुटता येतं. "फक्त जीपीएल २" असेल तर नाही. तसंच "फक्त २" आणि "फक्त ३" हेही एकमेकांत मिसळत नाहीत.

एमपीएल २.० चं जीपीएलशी पटतं, पण फाइलीत "सेकंडरी लायसन्सशी विसंगत" अशी खास सूचना घातलेली नसेल तरच. जुन्या चार कलमी बीएसडीमध्ये जाहिरातीत नाव घेण्याची अट होती, ती जीपीएलशी भांडते. बर्कली विद्यापीठाने आपल्या कोडवरून ती १९९९ मध्ये काढली, तरी इतरांच्या जुन्या फाइलींत ती अजून सापडते. "हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नाही" असं म्हणणारं जेसन लायसन्सही मधूनच निघतं. वाक्य गमतीचं असलं तरी ओपन सोर्सच्या व्याख्येत ते बसत नाही, कारण व्याख्येनुसार वापराच्या हेतूवर बंधन घालता येत नाही.

आता प्रश्न उरतो जोडणीचा: लायब्ररी डायनॅमिक लिंक केली, म्हणजे प्रोग्रॅम चालताना वेगळ्या फाइलीतून जोडली, तर जीपीएल लागतं का? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणतं, लागतं. वकिलांमध्ये यावर एकमत नाही. कामाचा सल्ला असा की ते लागतं असंच धरून चाला. जीपीएलचा प्रोग्रॅम स्वतंत्र प्रोसेस म्हणून कमांड लाइनवरून चालवला आणि निकाल फाइलीतून किंवा पाइपमधून घेतला, तर सहसा ती दोन वेगळी कामं मानली जातात. मात्र दोघांनी एकमेकांची आतली डेटा रचना वाटून घेतली असेल, तर नुसती प्रोसेस वेगळी करून भागत नाही.

### एक नमुना

समजा, स्कॅन केलेल्या पीडीएफमधून मजकूर शोधणारा डेस्कटॉप प्रोग्रॅम करायचा आहे. दिसण्यासाठी क्यूटी (एलजीपीएल ३), पीडीएफ उघडायला पॉप्लर (जीपीएल २ किंवा ३) आणि अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट (अपाची २.०). तुमच्या मनात एमआयटी आहे.

पॉप्लरने तो विषय तिथेच संपवला. पूर्ण प्रोग्रॅम जीपीएल होणार. त्यातही पॉप्लर दोन आवृत्त्या देत असलं, तरी टेसरॅक्टच्या अपाचीमुळे आणि क्यूटीच्या एलजीपीएल ३ मुळे आवृत्ती २ बाद. उत्तर: जीपीएल ३. ते नको असेल तर पीडीएफ उघडणारी लायब्ररी बदला. पीडीएफियम पर्मिसिव्ह आहे. ते घेतलं तर तुमचा कोड एमआयटी ठेवता येतो, फक्त क्यूटी डायनॅमिक लिंक करून एलजीपीएलच्या अटी पाळाव्या लागतील. त्याऐवजी म्यूपीडीएफकडे वळलात तर गाडी आणखी पुढे गेली, कारण ते एजीपीएल आहे (किंवा पैसे देऊन व्यावसायिक लायसन्स). पायथनमधलं पायम्यूपीडीएफही तसंच. एक इम्पोर्टची ओळ पूर्ण प्रकल्पाचं लायसन्स फिरवते ती अशी. म्हणून ही तपासणी पहिला कोड लिहायच्या आधी झालेली बरी.

## पायरी ३: कोड दुसऱ्याच्या हाती कसा पडणार?

लायब्ररी असेल तर ती इतरांच्या प्रोग्रॅममध्ये जाते, आणि तिथलं लायसन्स ठरवायला तुम्ही भाग पाडणार की नाही, हाच प्रश्न. त्याच कामाच्या पाच पर्मिसिव्ह लायब्ररी आधीच असतील, तर तुमच्या जीपीएलचा परिणाम एवढाच की लोक दुसरी उचलतील. लायब्ररी खरोखर एकमेव असेल तर गोष्ट वेगळी: कमांड लाइनवर टाइप केलेली ओळ सुधारू देणारी जीएनयू रीडलाइन जीपीएलमध्ये होती, आणि ती हवी म्हणून क्लिस्प हा लिस्प भाषेचा प्रकल्प स्वतः जीपीएलमध्ये आला.

डेस्कटॉपचा किंवा कमांड लाइनचा पूर्ण प्रोग्रॅम असेल तर जीपीएलने वापरणाऱ्याला काहीच त्रास होत नाही. त्याने लिहिलेल्या फाइली, काढलेली चित्रं त्याचीच राहतात. कंपायलरसारख्या साधनात तयार होणाऱ्या फाइलीत तुमच्याच कोडचे तुकडे जात असतील, तर मात्र वेगळी सूट लिहावी लागते. जीसीसी या कंपायलरच्या रनटाइम लायब्ररींना अशी सूट आहे म्हणूनच त्याने बंद सॉफ्टवेअर कंपाइल करता येतं.

सर्व्हरवर चालणारी सेवा असेल तर जीपीएलची पकड सुटते. कुणी तुमचा कोड बदलून आपल्या सर्व्हरवर चालवला, लोकांनी तो ब्राउझरमधून वापरला, तरी वाटप झालंच नाही. हे भगदाड बुजवायला एजीपीएल आहे. याच्या उलट, त्याच सेवेचं जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये उतरतं, म्हणजे ते वाटलं जातं. कंटेनरची इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकणं हेही वाटपच, आणि त्या इमेजच्या तळाशी असलेल्या लिनक्स वितरणाचे जीपीएल प्रोग्रॅमही त्यासोबत जातात. हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं.

मोबाइल ॲपचा विचार असेल तर ॲप स्टोअरच्या अटी आडव्या येऊ शकतात. जीपीएल म्हणतं, घेणाऱ्यावर जादा निर्बंध नकोत. ॲपलच्या स्टोअरच्या अटी तसे घालतात. याच वादातून व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं ॲप जानेवारी २०११ मध्ये तिथून काढलं गेलं.

## पायरी ४: आता तुमची इच्छा

प्रश्न एकच, पण प्रामाणिकपणे विचारा: मोठ्या कंपनीने हा कोड आपल्या बंद प्रॉडक्टमध्ये घातला, त्यावर पैसे कमावले आणि एक ओळही परत दिली नाही, तर चालेल? "चालेल, कोड सगळीकडे पसरला म्हणजे झालं" असं वाटत असेल तर पर्मिसिव्ह. "नाही, सुधारणा परत यायला हव्यात" असं वाटत असेल तर कॉपीलेफ्ट. हे उत्तर मनाशी न देता एमआयटी लावायचं आणि दोन वर्षांनी कंपन्यांवर चिडायचं, यात कंपन्यांची चूक नसते. लायसन्सने त्यांना तेच करायला सांगितलेलं असतं.

### पर्मिसिव्हमध्ये कोणतं

छोटी लायब्ररी, एखादी स्क्रिप्ट, शिकवण्यासाठीचा नमुना कोड: एमआयटी. मजकूर जेमतेम दोन-तीन परिच्छेदांचा, सगळ्यांना माहीत असलेला. दोन कलमी बीएसडी आणि आयएससी व्यवहारात त्याच जातीचे. तीन कलमी बीएसडीत "आमचं नाव तुमच्या जाहिरातीला वापरू नका" एवढं जास्तीचं.

एकापेक्षा जास्त कंपन्यांचे लोक योगदान देणार असतील किंवा विषय पेटंटचा असेल (व्हिडिओ, क्रिप्टोग्राफी, नेटवर्किंग), तर अपाची २.० घ्या. एमआयटीत पेटंट हा शब्दच नाही. अपाचीमध्ये प्रत्येक योगदान देणारा आपल्या योगदानापुरती पेटंटची मुभा देतो, आणि कुणी त्या कोडविरुद्ध पेटंटचा खटला भरला तर त्याची मुभा रद्द होते. पेटंटचा प्रश्न किती तापतो ते रिअ‍ॅक्टच्या बाबतीत दिसलं: फेसबुकने आपल्या या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या बीएसडीसोबत जोडलेल्या पेटंटच्या पुरवणीवर इतका गदारोळ झाला की सप्टेंबर २०१७ मध्ये रिअ‍ॅक्ट एमआयटीवर आणावं लागलं.

अपाचीत काम थोडं वाढतं. बदललेल्या फाइलीत "बदल केला आहे" अशी नोंद हवी, आणि मूळ प्रकल्पात नोटिस नावाची फाइल असेल तर तिच्यातला मजकूर पुढे न्यावा लागतो. स्वतःच्या प्रकल्पात ती फाइल उगीच तयार करू नका. तुम्ही तिच्यात जे लिहाल ते पुढच्या प्रत्येकाला वाहावं लागतं. जीपीएल २ शी न जुळण्याची अडचण टाळायला रस्टने "एमआयटी किंवा अपाची, हवं ते घ्या" अशी दुहेरी वाट ठेवली. लायब्ररींसाठी ही रीत चांगली आहे.

सीसी० (क्रिएटिव्ह कॉमन्सचं, कॉपीराइटचे हक्क सोडून देणारं) कोडला लावू नका. त्यात पेटंटचे हक्क मुद्दाम वगळले आहेत, आणि याच कारणाने फेडोरा या लिनक्स वितरणाने कोडसाठी ते स्वीकारणं थांबवलं.

### कॉपीलेफ्टमध्ये कोणतं

एमपीएल २.० ची सीमा फाइलीपुरती. तुमची फाइल बदलली तर ती फाइल उघडी ठेवायची. शेजारी नव्या लिहिलेल्या फाइली बंद ठेवल्या तरी चालतं. "माझ्या कोडमधली सुधारणा परत द्या, तुमचं तुमच्याकडे ठेवा" असं म्हणायचं असेल, तर यापेक्षा सरळ लायसन्स नाही. आमच्या मते याचा वापर व्हायला हवा त्याहून बराच कमी होतो. लोक एमआयटी आणि जीपीएल या दोन टोकांतच घुटमळतात.

एलजीपीएलची सीमा लायब्ररीपुरती. बंद प्रोग्रॅमने ती वापरावी, पण वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली आवृत्ती घालून तो प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. डायनॅमिक लिंकिंगमध्ये हे आपोआप साधतं. स्टॅटिक लिंक केलंत, म्हणजे लायब्ररी बायनरीतच मिसळलीत, तर तुमच्या ऑब्जेक्ट (कंपाइल केलेल्या, पण अजून न जोडलेल्या) फाइलीही द्याव्या लागतात, म्हणजे समोरच्याला पुन्हा जोडणी करता येईल. गो आणि रस्टमध्ये स्टॅटिक लिंकिंग हीच नेहमीची रीत असल्यामुळे तिथे एलजीपीएल अवघड जातं. तिथे एमपीएलच घ्या.

पूर्ण प्रोग्रॅमसाठी जीपीएल. आवृत्ती २ (१९९१) की ३ (२००७)? नव्या प्रकल्पाला ३, असं आमचं सरळ मत. त्यात पेटंटची मुभा स्पष्ट आहे आणि अपाचीशी जुळतं. शिवाय अनवधानाने नियम मोडणाऱ्याला सावरायला जागा मिळते: हक्कदाराची पहिलीच नोटीस आली आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तर हक्क परत मिळतात. आवृत्ती २ मध्ये नियम मोडताच हक्क आपोआप संपतात. लिनक्सचं कर्नल मात्र "फक्त २" वरच आहे, तेव्हा कर्नलचं मॉड्यूल लिहीत असाल तर जीपीएल २ शी जुळणारंच लायसन्स हवं. आवृत्ती ३ मधली आणखी एक अट उपकरणं बनवणाऱ्यांना खुपते: ग्राहकांच्या उपकरणात असा कोड घातला तर बदललेली आवृत्ती त्या उपकरणावर चढवण्यासाठी लागणारी माहितीही द्यावी लागते. राउटर किंवा टीव्ही बनवणाऱ्यांनी तुमचा कोड वापरावा अशी इच्छा असेल, तर ते इथे अडतील हे धरून चाला.

"किंवा त्यापुढची" ही पुस्ती जोडायची का? जोडली तर भविष्यातल्या आवृत्तीवर विश्वास टाकावा लागतो. न जोडली तर अडकण्याचा धोका. बहुतेक प्रकल्पांनी जोडावी.

एजीपीएल सर्व्हरसाठी. त्याची जादा अट बदल करणाऱ्यावर आहे: सुधारलेली आवृत्ती नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिली, तर त्यांना तिचा सोर्स मिळवायची सोय द्या. न बदलता चालवणाऱ्यावर हा बोजा नाही. तरीही कंपन्या एजीपीएलला बिचकतात. गूगलने तर आपल्या कामात ते वापरायला जाहीरपणे मनाई केली आहे. पैसे घेऊन वेगळं व्यावसायिक लायसन्स विकायचं असेल, तर ही भीतीच तुमच्या उपयोगाची.

एजीपीएलही पुरेसं वाटलं नाही म्हणून काही कंपन्या ओपन सोर्सच्या बाहेर गेल्या. मोंगोडीबीने २०१८ मध्ये एसएसपीएल (सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स) आणलं, इलास्टिकने २०२१ मध्ये अपाची सोडलं, टेराफॉर्म २०२३ मध्ये एमपीएलवरून बिझनेस सोर्स लायसन्सवर गेलं, रेडिसने २०२४ मध्ये बीएसडी सोडलं. परिणाम: ओपनसर्च, ओपनटोफू आणि वॉल्की हे (अनुक्रमे इलास्टिक, टेराफॉर्म आणि रेडिसचे) फोर्क उभे राहिले, आणि इलास्टिक २०२४ मध्ये व रेडिस २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन ओपन सोर्सकडे परतले. एसएसपीएल किंवा बिझनेस सोर्ससारखी लायसन्स ओपन सोर्स म्हणून लावू नका.

## पायरी ५: पुढे बदलायची वेळ आली तर

कोड पूर्ण तुमचा असेल तर नव्या आवृत्तीचं लायसन्स कधीही बदलता येतं. जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे गेली त्यांचे हक्क मात्र टिकतात. बाहेरच्यांचं योगदान आलं की चित्र बदलतं. पर्मिसिव्हवरून कॉपीलेफ्टवर जाणं तरीही सोपं, कारण जुन्या योगदानांचं लायसन्सच त्याला मुभा देतं. कॉपीलेफ्टवरून सैल करायचं तर प्रत्येक हक्कदाराची संमती लागते. व्हीएलसीच्या लोकांनी आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर नेलं, तेव्हा शेकडो योगदान देणाऱ्यांना एकेक करून गाठावं लागलं.

म्हणून पहिला पुल रिक्वेस्ट (बाहेरच्याने पाठवलेला बदल) स्वीकारण्याआधी ठरवा. दुहेरी लायसन्स विकायचा बेत असेल तर योगदान करारनामा, म्हणजे सीएलए, सुरुवातीपासून हवा. बेत नसेल तर डीसीओ (हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे, अशी योगदान देणाऱ्याची ग्वाही) पुरे: प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) शेवटी "साइन्ड-ऑफ-बाय" ही ओळ, जी गिटच्या कमिट कमांडला लहान एस हा पर्याय दिला की आपोआप लागते. लिनक्स २००४ पासून हेच करतं. सीएलएमुळे हौशी योगदान देणारे मागे फिरतात. गरज नसताना लावू नका.

## पायरी ६: लायसन्स प्रत्यक्ष लावणं

रिपॉझिटरीच्या मुळाशी लायसन्स नावाची फाइल, त्यात अधिकृत मजकूर अक्षर न बदलता. एमआयटी आणि बीएसडीत वर्ष आणि नाव भरायची जागा असते, ती भरा. अपाचीच्या शेवटी जी मोकळी जागा दिसते ती त्या फाइलीत भरायची नसते. तो नमुना उचलून आपल्या सोर्स फाइलींच्या डोक्यावर लावायचा असतो. जीपीएलच्या शेवटचा भागही तसाच.

प्रत्येक सोर्स फाइलीत दोन ओळी घाला: कॉपीराइट, आणि एसपीडीएक्स या लायसन्सच्या प्रमाण यादीतलं ठरावीक संक्षिप्त नाव. जीपीएलसाठी "ओन्ली" की "ऑर-लेटर" हे त्यात स्पष्ट लिहावं लागतं. नुसतं "जीपीएल ३" अर्धवट आहे. फाइली खूप असतील तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपचं रियूज हे साधन त्या ओळी भरून देतं आणि कुठे राहिल्या ते तपासून सांगतं.

मग पॅकेजची माहिती जुळवा. एनपीएमची इनिट कमांड वर्षानुवर्षं आपणहून आयएससी लिहीत आली आहे. त्यामुळे लायसन्सच्या फाइलीत जीपीएल, पॅकेजच्या फाइलीत आयएससी आणि रीडमीमध्ये एमआयटीचा बिल्ला असे प्रकल्प सापडतात. साधनं पॅकेजची फाइल वाचतात, वकील लायसन्सची; दोघांची उत्तरं वेगळी आली की तुमची लायब्ररी बाद.

एमआयटीच्या खाली स्वतःची ओळ जोडायचा मोह आवरा. "व्यावसायिक वापरासाठी परवानगी घ्यावी" एवढं लिहिलं की ते एमआयटी राहिलं नाही आणि ओपन सोर्सही नाही.

## पायरी ७: रिलीज करताना

पर्मिसिव्हच्या अटी सोप्या म्हणून त्याच जास्त मोडल्या जातात. वेबसाठी बंडल (सगळ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) बनवताना मिनिफायर (कोड आकसवणारं साधन) कॉमेंट उडवतो आणि त्यासोबत एमआयटीचे मजकूरही. ज्या कॉमेंटची सुरुवात उद्गारचिन्हाने होते किंवा ज्यात ॲट-लायसन्स ही खूण असते, त्या सहसा राखल्या जातात. बंडलरची सेटिंग तशी आहे का ते तपासा, किंवा सगळे मजकूर एका वेगळ्या फाइलीत काढून ती सोबत द्या. ॲपमध्ये "ओपन सोर्स लायसन्स" असा एक पडदा ठेवा आणि तो बिल्डच्या वेळी आपोआप भरला जाईल असं करा.

जीपीएलची बायनरी देत असाल तर त्याच आवृत्तीचा सोर्स, तुमच्या बदलांसह आणि बिल्डच्या स्क्रिप्टसह. मूळ प्रकल्पाच्या गिटहबचा पत्ता देऊन भागत नाही: तिथे तुमचे बदल नसतात, आणि ते पान उद्या गायब झालं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक रिलीजच्या शेजारी सोर्सचं आर्काइव्ह ठेवणं. जीपीएल २ मधला दुसरा मार्ग लेखी हमीचा. ती किमान तीन वर्षं टिकली पाहिजे, आणि मागणारा कुणीही असू शकतो, फक्त तुमचा ग्राहकच नव्हे.

हे कागदोपत्री राहतं असं समजू नका. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल मोडल्याबद्दल मनाई आदेश दिला. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात सांगितलं, की ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो.

शेवटची तपासणी तयार झालेल्या पॅकेजवर करा, रिपॉझिटरीवर नव्हे. पॅकेज रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडा आणि पाहा: तुमचं लायसन्स आत आहे का, प्रत्येक डिपेन्डन्सीचा मजकूर आहे का, कॉपीलेफ्ट असेल तर सोर्स कुठे मिळेल ते लिहिलं आहे का. रिपॉझिटरीत सगळं नीट असूनही बिल्डच्या स्क्रिप्टने लायसन्सची फाइल पॅकेजमध्ये घेतलेलीच नसते, असं बऱ्याचदा आढळतं.